रविवारची अंगतपंगत आणि आपलं मुरडलेलं नाक



आज थोडं रागानेच लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मग भांडायचं तर भांडा.

गेल्या महिन्यात आपल्याच एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातला, रविवार दुपारचा. रस्त्यावर पुठ्ठे अंथरलेले, त्यावर फिलिपिनो बायका गोल करून बसलेल्या, मध्ये डबे उघडलेले. खाली लिहिलं होतं, "नाक दाबून जावं लागतं इथून." त्याखाली हसणारे चेहरे. मग एकीने भर घातली, "आणि याच बायका सोमवारी आपल्या मुलांना भरवणार!" त्यावर आणखी हसणारे चेहरे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सात वर्षं हाँगकाँगमध्ये राहिले. त्या पुठ्ठ्यांवर मांडी घालून बसले आहे. म्हणून सरळच सांगते. त्या पंगतीकडे बघून आपण जे नाक मुरडतो, त्याला आपण अहिंसेचं नाव देतो. ते अहिंसेचं नाही, हुद्द्याचं आहे. आणि अहिंसेची खरी परीक्षा जिथे असते, तिथे म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्यातल्या कितीतरी जणी नापास होतात.

आधी तो फोटो कशाचा आहे ते समजून घेऊ.

परदेशी कामाला माणसं पाठवणं हे फिलिपिन्समध्ये १९७४ पासून सरकारी धोरण आहे. हाँगकाँगमध्ये आज सुमारे दोन लाख फिलिपिनो घरकामाला आहेत, बहुतेक सगळ्या बायकाच. तिथे त्यांना 'हेल्पर' म्हणतात. २००३ पासून नियम असा आहे की हेल्परने मालकाच्याच घरी राहायचं. वेगळी खोली भाड्याने घेता येत नाही. आणि हाँगकाँगची घरं किती लहान असतात ते तिथे राहिलेल्या सगळ्यांना माहीत आहे. कुणी मुलांच्या खोलीत खालच्या पलंगावर झोपते, कुणी स्वयंपाकघरामागच्या कोंदट खोलीत. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस या बाईला स्वतःचं दार नाही, जे लावून घेता येईल किंवा कुणासाठी उघडता येईल.

सातव्या दिवशी तिला सुट्टी असते. सलग चोवीस तासांची, कायद्याने. जाणार कुठे? हॉटेलात बसायला पैसे लागतात आणि पगारातला मोठा भाग गावी जातो, पोरांच्या फीला, आईच्या औषधाला. म्हणून त्या सेंट्रलला येतात. रविवारी तिथला चेटर रोड गाड्यांना बंद असतो. स्टॅच्यू स्क्वेअर, बँकेच्या त्या मोठ्या इमारतीखालची मोकळी जागा, पादचारी पुलांच्या कडा, सगळीकडे पुठ्ठे. त्या पुठ्ठ्यावर चप्पल काढून बसतात, बघितलं आहे का कुणी? तो रस्ता त्यांचा दिवाणखाना असतो. तिथेच केस कापतात, गावी पाठवायची खोकी बांधतात, लेकरांशी फोनवर बोलतात. आणि दुपारी मिळून जेवतात. याला ते 'सालु-सालो' म्हणतात. आपण अंगतपंगत म्हणतो.

आता त्या अंगतपंगतीत काय असतं? "नुसतं मांस नि मासे," असं ग्रुपवर कुणीतरी म्हणालं. खोटं बोलणार नाही, बरंच असतं. सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेला 'आदोबो' असतो, कोंबडीचा किंवा डुकराचा. 'बागोओंग' असतं, आंबवलेल्या कोळंबीचं वाटण. त्याचा वास उग्र असतो, मलाही सोसत नाही. पण तेवढंच दिसलं असेल तर बघणारीने बघितलंच नाही.

आमच्याकडे ज्या बाई होत्या त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. टागालोगमध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. मुलं त्यांना आतेच म्हणायची आणि पुण्याहून माझी नणंद आली की घरात दोन आत्या व्हायच्या. तर या आते बिकोल भागातल्या. त्यांच्या भागात 'लाइंग' करतात. लाइंग म्हणजे काय, तर अळूची पानं नारळाच्या दुधात मंद आचेवर आटवायची, भरपूर मिरच्या घालायच्या. आपल्या अळूच्या फदफद्याची सख्खी बहीण. त्यात त्या सुकी मासळी घालतात, म्हणून माझ्या पानात ते येत नाही. पण अळू चिरताना हाताला खाज सुटते, पानं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलं आणि माझ्या आईने मला.

मुगाला त्या मोंग्गो म्हणतात आणि शुक्रवारी मुगाचं पातळ वरण करायची पद्धत आहे, कारण उपवासाच्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणजे तिथि पाळून जिभेला लगाम घालणं फक्त आपल्याच घरात चालतं, असं नाही. 'सिनिगांग' हे चिंचेचं आंबट सार. 'पुतो' बघितलंत तर इडलीच म्हणाल. कच्च्या पपईच्या लोणच्याला त्या 'अचारा' म्हणतात, हा शब्द कुठून गेला ते सांगायला नको. गुरूला 'गुरो', तोंडाला 'मुखा', आशेला 'आसा'. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून तिकडे गेले आणि तिथेच राहिले.

आणि त्या टेबलावर, म्हणजे पुठ्ठ्यावर, लाल सॉसची बाटली असते. तो टोमॅटोचा नसतो, केळ्याचा असतो. त्याचं श्रेय मारिया ओरोसा या बाईंना देतात. अमेरिकेत शिकून परत आलेल्या अन्नशास्त्रज्ञ. आपल्या देशात जे पिकतं त्यातूनच लोकांचं पोट भरावं, म्हणून त्यांनी आयुष्यभर प्रयोग केले. युद्धाच्या काळात सोयाबीनची पौष्टिक पूड करून ती छावण्यांतल्या कैद्यांपर्यंत पोचवली. १९४५ साली मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. अशा परंपरेच्या जेवणाला "काय ते खाणं" म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

मला पहिल्यांदा बोलावलं ते आतेंच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. वाढदिवसाला 'पान्सित' हवाच. लांब शेवया, लांब आयुष्य, म्हणून त्या तोडायच्या नाहीत. बोलावणं आल्यावर त्यांच्यात आठवडाभर चर्चा, ही बाई खाणार काय? मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. लसूण नाही, कांदा नाही, बटाटा नाही. एकीने विचारलं म्हणे, "मग ती जगते कशावर?" आते म्हणाल्या, "हवेवर. आणि रागावर." हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं.

जांभळ्या रंगाची एक सुंदर मिठाई होती, पण तो रंग 'उबे'चा, म्हणजे कंदाचा. गेली. केळ्याचे तळलेले रोल होते, पण त्याच तेलात आधी काय तळलं होतं ते विचारायचं धाडस झालं नाही. शेवटी आतेंनी 'पालिताव' केला. चिकट तांदळाच्या पिठाचे चपटे गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की काढायचे, ओल्या नारळात घोळवायचे, वरून भाजलेले तीळ आणि साखर. 'लिताव' म्हणजे वर येणं, म्हणून हे नाव. शनिवारी संध्याकाळी आमच्याच ओट्यावर, आमच्याच पातेल्यात केला. रविवारी दुपारी तो डबा मध्ये ठेवला आणि त्यांनी बजावलं, "या डब्यात कुणी आपला चमचा घालायचा नाही, हा मॅमचा आहे." चौदा बायका होत्या. एकीनेही चमचा घातला नाही. आपल्या लग्नांत जैन काउंटरवर पनीरचा डाव डाळीत बुडतो, तो आठवा जरा.

आता तुमच्या आक्षेपांकडे येते. मला ते तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप, अनुमोदनेचा. "करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींत दोष. तिथे जाऊन बसलीस म्हणजे अनुमोदनाच झाली." हा आक्षेप गंभीर आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण अनुमोदना म्हणजे केलेल्या हिंसेला मनाने 'छान झालं' म्हणणं. शेजारी बसणं म्हणजे अनुमोदना नव्हे. तसं असतं तर रेल्वेत, कॉलेजच्या कँटीनमध्ये, विमानात आपण रोज अनुमोदनाच करत असतो. आणि एक विचारू? नवऱ्याच्या कंपनीचं पंचतारांकित हॉटेलात डिनर असतं. बाजूच्या ताटात काय नसतं? तिथे आपण पैठणी नेसून जातो, सॅलड टोचत बसतो आणि साहेबांच्या बायकोला "किती छान अरेंजमेंट" म्हणतो. तिथे अनुमोदना कुणाला आठवत नाही. ती आठवते फक्त पुठ्ठ्यावर बसलेल्या बाईच्या डब्याजवळ. म्हणून म्हटलं, हे नाक हुद्द्याचं आहे.

दुसरा, वासाचा. बायांनो, घर शोधताना एका एजंटने मला तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही करी करता का? मालकाला भिंतींना वास नको आहे." आपली हिंगाची फोडणी, आपलं साजूक तूप, याला नाक दाबणारी माणसं लिफ्टमध्ये मला भेटली आहेत. तेव्हा किती लागलं होतं! जे आपल्याला लागतं ते दुसऱ्या बाईला लागत नसेल?

तिसरा, मुलांचा. "मुलांना सवय लागेल." मुलांना सवय लागते ती आपण घरात काय करतो त्याची. "आपण हे खात नाही, कारण जीव जातो," एवढं सांगितलेलं मूल कुठल्याही पंगतीत ताठ बसतं. "शी, घाण!" असं शिकवलेलं मूल मात्र दोन गोष्टी शिकतं. एक, समोरचा माणूस घाण आहे. दुसरी, कधीतरी चव घेतली आणि ती घाण लागली नाही, तर आईचं सगळंच खोटं होतं. व्रत किळसेवर उभं केलं की ते एका घासात कोसळतं. करुणेवर उभं केलेलं टिकतं.

हे झाले तुमचे आक्षेप. आता माझा ऐका.

पाठशाळेत आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटचे दोन पुन्हा म्हणा. आपल्या आश्रयाला असलेल्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकणं. आणि त्याचं अन्नपाणी अडवणं. आश्रयाला असलेलं म्हणजे फक्त गोठ्यातला बैल नव्हे. कुणाचा आश्रय सोडून दुसरीकडे राहायची जिला कायद्याने परवानगीच नाही, ती बाई आश्रित नाही तर कोण?

आणि आपल्या घरांत काय चालतं ते मी बघितलं आहे. चौविहार असतो, म्हणून सूर्यास्ताला स्वयंपाकघर बंद. उत्तम. पण हेल्पर रात्री साडेनऊपर्यंत इस्त्री करत असते, मुलांना झोपवत असते. दुपारी बारा वाजता खाल्लेल्या दोन पोळ्यांवर. तिने रात्री नूडल्स करून खाल्ले तर "आमच्या घरात रात्री गॅस पेटत नाही." तिने कुठे पच्चक्खाण घेतलं होतं? पर्युषणात घरात आठ दिवस हिरवी भाजी नाही, तर तिलाही नाही. भात तिला सकाळीसुद्धा लागतो, पण "आमच्यात सकाळी कोण भात करतं?" आपण तप करतो आणि उपाशी ती राहते. या तपाची निर्जरा कुणाच्या खात्यात जमा होते, महाराजसाहेबांना एकदा जरूर विचारा.

हे धर्मात बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही. हाँगकाँगच्या करारात मालकाने मोफत जेवण द्यायचं, नाहीतर जेवणभत्ता द्यायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या करारांना किमान पगार महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर ठरला होता आणि जेवणभत्ता किमान १,२३६. आपल्यातल्या कितीजणी डाळ-पोळी समोर ठेवून "जेवण दिलं" म्हणतात आणि भत्ता वाचवतात? आठवड्याची सुट्टी नाकारली तर ५०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. तरी "रविवारी जा, पण सातला परत ये, रात्रीची भांडी आहेत" हे सर्रास चालतं. सिंगापूरमध्ये मुली दिलेल्यांनीही ऐका. तिथे १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनसुद्धा विकत घेता येत नाही. सरकारला असा कायदा करावा लागला, याचा अर्थ काय?

कुणी म्हणेल, मग काय घरात मासे शिजवू द्यायचे? नाही. आमच्या घरात सात वर्षांत कधी शिजले नाहीत. यात तडजोड नाही आणि तुम्हीही करू नका. पण ते सांगायची वेळ करारावर सही होण्याआधीची. "आमच्या घरात मांस, मासे, अंडं येत नाही. बाहेर तुम्ही काय खाता हा तुमचा प्रश्न." आतेंना मी हे फोनवरच्या मुलाखतीत सांगितलं, त्या विचार करून तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या. मग जेवणभत्ता पूर्ण रोख आणि शिवाय घरात डाळ, तांदूळ, भाजी, फळं मोकळी. रात्री त्यांच्यासाठी वेगळी छोटी इलेक्ट्रिक शेगडी, त्यांचं वेगळं पातेलं. आमचा चौविहार एक दिवसही मोडला नाही. त्यांचं पोटही एक रात्र रिकामं राहिलं नाही. हे अवघड नाही. फक्त दोन-तीनशे डॉलरची शेगडी आणि थोडी लाज लागते.

आता तुम्हीच बघा, त्या रविवारच्या पंगतीत एवढं जीव ओतून खाणं का असतं. सहा दिवस दुसऱ्याच्या जिभेसाठी रांधलेलं असतं. मीठ दुसऱ्याच्या चवीचं, वेळ दुसऱ्याच्या घड्याळाची. ज्यांच्या मालकिणी ओटा वापरू देत नाहीत त्या वर्ल्डवाइड हाउसमधल्या दुकानांतून काहीतरी विकत आणतात आणि थोडं ओशाळून मध्ये ठेवतात. बाकीच्या तो डबा आधी उघडतात. अंगतपंगतीचा हा मान आपल्याला ओळखता यायला हवा. सासरी नव्या सुनेला सहा महिने कुणी विचारत नाही की तुला काय आवडतं, आणि मग माहेरी गेल्यावर आई ताट वाढते, त्या घासाची चव आपल्याला माहीत आहे ना? मग त्या बायकांना वर्षानुवर्षं माहेर नाही. रविवारचा पुठ्ठा तेवढा आहे.

तिथून कुणीही जात असलं की बसलेल्या बायका म्हणतात, "काईन तायो." म्हणजे, चला, जेवू या. आपल्याकडे दारात आलेल्याला "या जेवायला" म्हणतात तसंच. नाक दाबून जाणारीलासुद्धा त्या हेच म्हणतात, तिला कळत नाही एवढंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्यांच्या घरी अशी बाई आहे त्यांनी या महिन्याचा जेवणभत्ता हिशेबाने पूर्ण द्या. रात्री तिला काय खायला मिळतं ते स्वतः जाऊन बघा. रविवारी परतायची वेळ सांगू नका, चोवीस तास म्हणजे चोवीस तास. तिने बोलावलं तर जा. बाहेरचं खात नसाल तर खाऊ नका, पाणीसुद्धा घरचं न्या, पण तिच्या मैत्रिणींसाठी ढोकळा किंवा शेंगदाण्याची चिक्की डबाभर घेऊन जा. रिकाम्या हाताने अंगतपंगतीला जाऊ नये, हे आपल्या आयांनी शिकवलं आहे.

ज्यांच्या मुली-सुना परदेशात आहेत त्यांनी हा लेख त्यांना पाठवा. आणि तो फोटो पुन्हा कुठल्या ग्रुपवर आला तर गप्प बसू नका. अन्नपाननिरोध हा शब्द तिथे लिहा. अर्थ विचारला तर पाठशाळेच्या वहीत बघायला सांगा.